नामाजीचा अंदाज

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात नामाजीला कधी वजनकाटा लागला नाही. बोकडाच्या पोटाखाली हात घालून उचललं की वजन सांगून मोकळा. पाव किलोचाही फरक पडायचा नाही. हलकं भरलं की ते जनावर रोगट, हा त्याचा कायदा. आणि माणसाला एकदा आपल्या हाताचा गर्व झाला की तो डॉक्टरच्या बापाचंही ऐकत नाही.

त्याचा पोरगा शिवहार गावाजवळच्याच आखाडा बाळापूरला एका पतसंस्थेत कामाला. गेल्या वर्षी नांदेडला त्याच्या हृदयाची झडप बदलली. डॉक्टर म्हणाले होते, "रोज हळूहळू सायकल चालवा, कामावरही तिच्यावरच जा. पण हलकी घ्या, गिअरची. चढाला छातीवर जोर येऊ देऊ नका." सुनेनं, सुकन्यानं, हे शब्द पाठ केले होते.

हिंगोलीच्या दुकानात तिनं बरोबर तशीच शोधून काढली. ॲल्युमिनियमची हायब्रीड, डांबरीवर पळणारी, कच्च्या वाटेलाही न अडणारी. शिवहारनं बसून पाहिली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तो तोंडभर हसला.

नामाजीनं पुढं होऊन दांडीखाली हात घातला. सायकल एका हातात उचलली गेली. त्याचं तोंड कडू झालं.

"ही तर उपाशी शेळी हाय. आपल्या रस्त्यावर चार दिस तरी टिकंल का?"

"मामा, डॉक्टर हलकीच घ्या म्हणले," सुकन्या म्हणाली.

"डॉक्टरनं कवा शेळ्या राखल्या?"

शेजारी जाड टायरची, लोखंडी, बिनगिअरची सायकल उभी होती. ती उचलताना नामाजीच्या दंडाची शीर फुगली. "ह्येला म्हणतेत माल!"

शिवहारनं बायकोकडं पाहिलं, मग खाली मान घातली. चारचौघांत बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्याला वळण होतं. लोखंडी सायकल घरी आली.

दोन महिने तो ती रेटत राहिला. सुकन्या विचारायची, "काहून इतका दम लागून राहिला?" तो म्हणायचा, "न्हाई, कुठं?" आणि अर्धी भाकर ताटात टाकून निजायचा.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी नामाजी नाल्याच्या चढाजवळ शेळ्या चारत होता. शिवहार कामावर निघालेला दिसला. वारा समोरून, आणि तो उभा राहून पायडल मारत होता. पोरगं कसं जोर लावून राहिलंय, असं वाटून बापाची छाती फुगली. तेवढ्यात अर्ध्या चढावर सायकल आडवी झाली.

नामाजी धावला. पोराच्या अंगावरची सायकल ओढून त्यानं बाजूला फेकली. "शिवा, ऊठ रं," म्हणत मानेखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले. श्वास नव्हता. त्याला उचलून तो गावाकडं पळत सुटला, आणि पळता पळताच हातांनी, जन्माची सवय, वजन सांगितलं.

किती हलका झाला होता लेक. इतके महिने रोज समोर जेवायला बसत होता. साऱ्या बाजाराची जनावरं उचलणाऱ्या त्या हातांनी त्याला एकदाही उचलून पाहिलं नव्हतं.