उकिरड्यात पुरलेला अमेरिकेचा डबा

मी एक तेलाचा डबा. हसलात ना? हसा. पण माझ्या पोटावर हस्तांदोलनाचं चित्र आहे आणि त्याखाली इंग्रजीत अमेरिकेच्या जनतेचं नाव आहे. गंजानं आता एका हाताची तीनच बोटं राहिलीत, तरी मी स्वतःला साधा डबा म्हणवून घेत नाही. मी परराष्ट्र धोरण आहे.

माझ्या तरुणपणी जगात दोनच पैलवान होते, अमेरिका आणि रशिया. कुस्ती काही लागत नव्हती, नुसतं शड्डू ठोकणं चालू होतं. गरीब देशांनी आपल्या बाजूला बसावं म्हणून दोघंही भेटी पाठवायचे. अमेरिकेनं मला पाठवलं. बोटीनं मुंबई, आगगाडीनं दौंड आणि तिथून बैलगाडीनं वरवंडजवळच्या एका वस्तीवरची प्राथमिक शाळा. पोरांच्या सुकडीत माझं तेल पंधरा दिवसांत संपलं. एवढाच काय तो महासत्तेचा प्रभाव.

रशियाही मागं नव्हता. शाळेतल्या आनंदराव गुरुजींना पोस्टानं रशियाचं एक गुळगुळीत मासिक यायचं. ते कुणी वाचत नसे. पण कागद असा झकास, की पोरं वह्यांना त्याची कव्हरं घालायची.

चौथीत करुणा पहिली आली. बक्षीस द्यायला शाळेत दुसरं काही नव्हतं, म्हणून गुरुजींनी मला झाकण आणि बिजागरी लावून तिला दिलं. तिनं झाकणाच्या आतल्या बाजूला मासिकातलं एक पान चिकटवलं. त्यावर ट्रॅक्टर चालवणारी एक रशियन बाई होती. म्हणजे बाहेर अमेरिका, आत रशिया आणि मध्ये करुणाची भूमितीची वही! तिकडं एकमेकांचा गळा धरायला टपलेले हे दोघं माझ्याकडं तीन वर्षं गुण्यागोविंदानं नांदले. मला कुणी शांततेचं पारितोषिक दिलं नाही, ते असो.

एकोणीसशे एकोणऐंशी साली करुणा सातवी झाली. गुरुजींनी खटपट करून शिरूरला मुलींच्या वसतिगृहात तिच्यासाठी जागा मिळवली. अट एकच होती. बारा जुलैला संध्याकाळी पाचच्या आत शाळेचा दाखला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. आणि जागा गेली की करुणाच्या हातात खुरपं येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दाखला तिनं माझ्यात ठेवला. दिवसातून चारदा झाकण उघडून बघायची. माझी बिजागरी तेव्हाच ढिली झाली.

तिचे वडील बबनराव पाटसच्या साखर कारखान्यात हंगामावर जायचे. पोरीची पेटी आणि गादी घ्यायची म्हणून त्यांनी एक बोकड वाढवला होता. त्याच्या दाढीमुळं वस्तीवर सगळे त्याला वकील म्हणायचे.

आणि जुलैत बातमी आली. रशियाच्या वरचढ व्हायला अमेरिकेनं आभाळात सोडलेलं स्कायलॅब नावाचं अवकाशस्थानक खाली येतंय. कुठं पडेल, ते अमेरिकेलाही सांगता येईना. पण वरवंडला ते बरोबर ठाऊक होतं. वरवंडवरच!

"मरायचंच हाय, तर उपाशी कशापायी मरायचं?" पोपटराव म्हणाले. ते वस्तीवरचे मोठे बागायतदार. त्यांनी दोन बोकड कापले. मग घरोघरी चुली पेटल्या. अकरा तारखेला दुपारी बबनरावांनी वकिलाला दाव्यानं ओढत नेलं. करुणा आडवी पडली. "आबा, माझी पेटी!"

"पोरी, उद्या तूच न्हाईस आन् मीबी न्हाई. पेटी कुणाला?" म्हणताना त्यांचा आवाज फुटला. पण रस्सा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

माझी पाळी त्यानंतर आली. बबनरावांची आई भागुबाई माझ्यावरचे ते दोन हात किती तरी वेळ निरखत होती. "ह्यो अमेरिकेचा हाय न्हवं? मग ते वरचं ह्यालाच हुडकत येणार. आपल्या माणसाकडंच येतंय माणूस." करुणा ओढ्यावर गेलेली होती. म्हातारीनं मला काखेत मारलं आणि उकिरड्यात कमरेएवढं खोल पुरलं. वरून दोन पाट्या शेण टाकलं. चंद्रावर झेंडा लावणाऱ्या देशाचा मी प्रतिनिधी, आणि माझी ही रवानगी! पण खरं सांगतो, स्वतःचं मला काही वाटलं नाही. दाखल्यासाठी जीव तुटत होता. शेणाचं पाणी झाकणाच्या फटीतून आत यायला लागलं होतं.

सकाळी रेडिओनं सांगितलं. स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडं पडलं. वस्ती जिवंत होती, बोकड मात्र एकही उरला नव्हता. बबनराव भिंतीकडं तोंड करून बसले.

करुणानं घर उलथंपालथं केलं. "आजे, माझा डबा कुठाय? दाखला हाय त्यात!"

भागुबाईचा चेहरा खर्रकन उतरला. ती सरळ उकिरड्यावर गेली. करुणा फावडं घेऊन धावली, तर म्हातारी तिच्यावर खेकसली, "सर बाजूला. म्या पुरलाय, म्याच उकरती." तिनं हातांनीच उकरलं. झाकण उघडलं. चिकटवलेल्या पानाची एक कड सुटली होती आणि दाखला रशियन बाईच्या मागं सरकून बसला होता. गुळगुळीत कागदावरून पाणी ओघळून गेलं होतं. दाखल्याचा एक कोपरा तेवढा पिवळा पडला होता. म्हातारीनं तो पदरानं टिपला आणि मोठ्यानं रडली. रशियानं या देशाला काय काय दिलं ते मला ठाऊक नाही. मी एवढं एक पाहिलं.

पेटी नव्हतीच, म्हणून मीच पेटी झालो. भागुबाईनं स्वतः नातीला आधी दौंडला आणि तिथून एसटीनं शिरूरला नेलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना वसतिगृहाच्या बाईंपुढं मला ठेवलं. बाईंनी नाकाला पदर लावला. "कसला वास हा?"

"उकिरड्याचा," करुणा म्हणाली. "पर दाखला चांगला हाय."

बाई हसल्या आणि त्यांनी नाव लिहून घेतलं.

पुढं रशिया मोडला. अमेरिका आता मदत देत नाही, दम देते म्हणतात. करुणा दौंडला रेल्वेत नोकरीला लागली, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. मी तिच्या माळ्यावर असतो. परवा भंगारवाला ओरडत आला, तसा तिच्या मुलानं, सुमितनं, मला खाली काढलं. तो म्हणाला, "आई, काय हा गंजका डबा! देऊन टाकू."

त्याची मुलगी माया मला पुसत बसली होती. नऊ वर्षांची आहे, इंग्रजी शाळेत जाते. तिनं तीन बोटांखालची ओळ वाचली. "पप्पा, हा विकायचा नाही आणि बदलायचाही नाही, असं लिहिलंय यावर."

"व्हय, लिहिलंय," करुणा म्हणाली, आणि मला मांडीवर घेऊन बसली. महासत्तांचा पाळला गेलेला एवढा एकच करार मला ठाऊक आहे.

आता नवे पैलवान शड्डू ठोकतायत म्हणे, आणि आभाळात पूर्वीपेक्षा जास्त लोखंड फिरतंय. पुन्हा काही पडायला आलं, तर बोकड खा, रस्सा दोनदा घ्या, मला खुशाल पुरा. फक्त पुरण्याआधी एकदा झाकण उघडा आणि पोरीचा दाखला बाहेर काढून घ्या.