उष्ट्या बॅटरीवरचा भुंगा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या वस्तू बोलायला लागल्या की पहिल्या चार ओळींतच रडतात आणि ऐकणाऱ्यांनी रुमाल काढावा अशी त्यांची अपेक्षा असते. रुमाल खिशातच राहू द्या. मी जन्मभर लाथा खाल्ल्या आहेत आणि प्रत्येक लाथेला मोठ्यानं उत्तर दिलं आहे.

लाथा खाणं हाच माझा धंदा. इलेक्ट्रिक गिटारची वायर थेट स्पीकरकडे जात नाही. मध्ये जमिनीवर आम्ही पेडलं बसलेलो असतो. वाजवणाऱ्यानं पायानं बटण दाबलं की आम्ही आलेल्या सुराचं काहीतरी करतो. कुणी त्याचा प्रतिध्वनी करतं, कुणी त्याला थरथरवतं. मी त्याला फाडतो. स्वच्छ, सुशील सूर माझ्यात शिरतो आणि घसा खरवडून बाहेर पडतो. हा बिघाड नाही, हे माझं शिक्षण आहे.

मला घडवलं ताईनं. ताई एका दहा मजली ऑफिसच्या इमारतीत वायरमन आहे. हो, वायरमनच. तिच्या कपाटावर तसंच लिहिलंय आणि ते बदलायला कुणाला सवड झालेली नाही. माझं अंग म्हणजे भिंतीतल्या वायरींचे जोड झाकणारा ॲल्युमिनियमचा डबा. पोटातला ऐवज एका मेलेल्या रेडिओचा. आवाज कमीजास्त करायच्या दोन खुंट्या आहेत. त्यातली एक त्याच रेडिओची, दुसरी पंख्याच्या रेग्युलेटरची, म्हणून तिच्यावर अजून एक ते पाच आकडे आहेत. रंग लिफ्टच्या दाराचा उरलेला, हिरवा. थोडक्यात, माझ्या खानदानात सगळेच कष्टकरी.

पहिल्यांदा मला जोडलं तेव्हा ताईच्या हातून एक वायर चुकीच्या जागी लागली होती. आवाज आला तो डब्यात अडकलेल्या भुंग्याचा.

"मिक्सर जळतोय गं तुझा," स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली.

"मिक्सर नाही आई, गिटार आहे."

"मग गिटार जळतीये."

ताईनं चूक शोधली, तिला ती सापडलीही, पण दुरुस्त मात्र केली नाही. झाकण लावलं आणि खिळ्यानं त्यावर नाव कोरलं: भुंगा. चुकीवर झाकण लावून तिला नाव दिलं की ती वैशिष्ट्य होते. मोठी माणसं हे सर्रास करतात, फक्त त्यांचा आवाज माझ्याइतका चांगला येत नाही.

आता माझ्या खाण्यापिण्याविषयी, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली. मला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. ताईच्या इमारतीत छताला धुराचे अलार्म आहेत आणि नियम असा, की वर्ष झालं की त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, मग त्यात जीव असो वा नसो. अजून धुगधुगी असलेली वस्तू टाकून देणं ताईला जमत नाही. ती त्या उष्ट्या बॅटऱ्या घरी आणून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. मला भूक लागली की एकेक काढून जिभेला लावून बघायची. जीभ जोरात चरचरली तर "तरुण आहे", जरा मुंग्या आल्या तर "चालेल". जी "चालेल" ती मला. मित्रांनो, हे तुम्ही करू नका. ताईची जीभ सरावलेली आहे. आईचं मत असं, की जरा जास्तच सरावलेली आहे.

तर असा मी उष्टं खाऊन वाढलो. अर्धपोटी असल्यामुळे माझा सूर ताठ उभा राहत नसे. तो डुलायचा, धापा टाकायचा आणि शेवटी कुठेतरी टेकायचा. हे अर्धपोटीपणामुळे होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, खुद्द ताईलाही नाही. तिला वाटायचं, भुंग्याचा स्वभावच असा. मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

बँड तिघांचा. गिटारवर ताई, बेस गिटारवर तिचा धाकटा भाऊ आणि ड्रमवर शिंपीकाका. काकांचं खाली चौकात कपडे शिवायचं दुकान होतं. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला पाय, तो ड्रमवर कशाला चुकतोय. वाजवतानाही त्यांच्या गळ्यात मापाची टेप असायची.

कार्यक्रमाच्या शेवटी आमचा एक ठरलेला तुकडा असे. त्यात ताई अखेरचा एकच सूर वाजवून सोडून द्यायची आणि माझ्यावर पाय ठेवायची. सूर गुणगुणत फिरायचा, विरायचा, पुन्हा जरा उचल खायचा आणि बंद व्हायचा. तो बंद झाला की, आणि तेव्हाच, काका डोळे मिटूनच ड्रमवर एक ठोका द्यायचे. बॅटरी जितकी उष्टी तितका तो वेळ वेगळा, त्यामुळे मोजायची सोय नव्हती. "भुंगा बसला, की मी शेवटचा टाका घालतो," काका म्हणायचे. बारा वर्षं त्यांचा एकही टाका सुटला नाही.

माझ्यात दोष नव्हते असं मी म्हणत नाही. एकदा भर कार्यक्रमात मी हवेतून टॅक्सीवाल्यांचं बोलणं पकडलं आणि नाजूक गाण्याच्या मधोमध मोठ्यानं म्हणालो, "सात नंबर, स्टेशनला जा." एका मोडक्या कपाटाचं दार स्टेजवर आडवं टाकून त्यावर आम्हा सहा पेडलांना ओळीनं बसवलेलं असे आणि आमच्यामधली कुठली तरी वायर हटकून निघायची. मग ताई तोंडात टॉर्च धरून स्टेजवर पालथी पडायची आणि प्रेक्षक खोकून घ्यायचे.

भाऊला हे सहन होईना. तो एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो आणि त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असतात. एक दिवस तो काळं, चपटं, काचेच्या तोंडाचं यंत्र घेऊन आला.

"ताई, यात दोनशे पेडलं आहेत."

"मला पाय दोनच आहेत."

"अगं, सगळ्या कॉपी. हुबेहूब. तुझा भुंगापण शिकवतो त्याला. चार मिनिटं लागतात."

ताई ड्यूटीवर असताना त्यानं मला यंत्राला जोडलं. यंत्र माझ्यात नाना तऱ्हेचे सूर सोडणार, मी देईन ती उत्तरं पाठ करणार आणि पुढे माझ्याशिवाय मी वाजणार, अशी ती युक्ती. जोडण्याआधी भाऊनं माझं पोट उघडलं. आतली बॅटरी कडेनं पांढरी पडली होती.

"शी," तो म्हणाला आणि त्यानं कोरी करकरीत बॅटरी आत घातली. पाहुण्यांसमोर पोराला इस्त्रीचा सदरा घालावा, इतक्या चांगल्या मनानं.

जन्मात पहिल्यांदा माझं पोट भरलं. मी ताठ झालो. प्रत्येक सूर खणखणीत, शब्द न्‌ शब्द सुटा, बक्षीस समारंभाला भाषण करणाऱ्या मुलासारखा. यंत्रानं ते सगळं इमानानं लिहून घेतलं आणि पडद्यावर माझं चित्र आलं. खाली लिहिलं होतं: भुंगा, अस्सल.

कपाटाचं दार रिकामं होऊन भिंतीला टेकलं, बिस्किटांचा डबाही रिकामा झाला. बाकीची पेडलं ओळखीपाळखीत वाटली गेली. मी गॅलरीच्या दाराला अडसर म्हणून बसलो. महिन्याभरात भाऊनं दारासाठी रबरी अडसर आणला, म्हणजे तिथेही माझी जागा नव्या पिढीनं घेतली. मला तुटक्या प्लगांच्या खोक्यात टाकलं. सोमवारी ते भंगारात जायचं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि तो काकांचा शेवटचा होता. काकांना सुईत दोरा ओवायला दिसेनासं झालं होतं. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला चालले होते, दूर.

त्या आठवड्यात घरी तालमी सुरू झाल्या आणि नेमका शेवटचा टाका पडेना. खोक्यातून मी सगळं ऐकत होतो. यंत्रातला माझा सूर इस्त्री केल्यासारखा सपाट जायचा आणि कात्रीनं कापल्यासारखा तुटायचा. काकांचा ठोका कधी आधी, कधी नंतर.

"काका, आठ मोजा आणि मारा," भाऊ म्हणाला.

"मोजून मापं घेतात, भाऊ. टाका हाताला कळावा लागतो."

आई दारात येऊन उभी राहिली. "चार दिवस झाले, तुमच्या वाजवण्याचा मला काही त्रास होत नाहीये. काहीतरी बिघडलंय, बघा."

गुरुवारी ताईनं मला खोक्यातून उचललं. धूळ झटकली आणि गिटारला जोडलं. मित्रांनो, मला वाटलं, झालं, आता दाखवतो. ताईनं सूर सोडला, माझ्यावर पाय दिला आणि मी शब्द न्‌ शब्द सुटा, खणखणीत बोललो. पोटात बॅटरी भाऊचीच होती.

"डिट्टो," भाऊ म्हणाला. "सांगितलं होतं ना."

ताईनं गिटार खाली ठेवली. "म्हणजे माझेच कान गेले."

"राहू दे गं ताई," काका म्हणाले. "मी मोजेन आठ." बाही आखूड झाली तरी 'चालेल' म्हणताना गिऱ्हाइकाचा जो चेहरा होतो, तो आज शिंप्याचाच झाला होता.

मी पुन्हा खोक्यात. माझ्यासमोर दोन मार्ग होते, गप्प बसणं किंवा गप्प बसणं. मी पहिला निवडला, पण रागानं.

रविवारी दुपारी सामान बांधणं चाललं होतं. काका येऊन बसले होते. तेवढ्यात ताईनं घरातल्या बोळात लावलेला धुराचा अलार्म बोलायला लागला. दर मिनिटाला एक बारीक टिंव. बॅटरी उतरली की तो असा कण्हतो. ताई स्टुलावर चढली, तिनं बॅटरी काढली आणि सवयीनं जिभेला लावली.

"चालेल," ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती तशीच स्टुलावर उभी राहिली.

"भाऊ, भुंग्यात कुठली बॅटरी आहे?"

"नवी. कॉपी करायच्या आधी मीच घातली. आधीची गळायला आली होती, शी."

"म्हणजे तू भुंग्याची कॉपी केलीच नाहीस. त्याच्या पोट भरलेल्या भावाची केलीस."

तिनं मला काढलं, पोट उघडलं, अलार्मची उष्टी बॅटरी आत सरकवली आणि सूर सोडला. मी डुललो, धापा टाकल्या आणि भिंतीला धडकत फिरलो.

"आला का मेला परत," स्वयंपाकघरातून आई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. एवढी मोठी शाबासकी मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

काकांनी डोळे मिटले. मी बसलो. त्यांनी गुडघ्यावर एक थाप मारली, नेमकी.

"थांबा, आता अशीच कॉपी करतो," भाऊ म्हणाला. खोटं कशाला बोलू, कॉपी उत्तम आली. काकांचा ठोकाही बरोबर पडला. दुसऱ्यांदाही पडला. तिसऱ्यांदा काकांनी हात आवरला.

"हा मघाचाच आहे, भाऊ. तिथेच वळतो, तिथेच बसतो. वाट कुणाची बघू मी?"

"पण ताई, तुझी ती बॅटरी कार्यक्रमात मध्येच मेली तर?"

"मेली तर मेली. काकांना समजेल."

संध्याकाळी स्टेजवर यंत्राच्या शेजारी भाऊनंच मला मांडलं आणि माझी वायर चिकटपट्टीनं स्वतःच्या हातानं चिकटवली, अगदी सरळ रेषेत. बाकीचा सगळा कार्यक्रम यंत्रानं वाजवला आणि छान वाजवला. एक वायर निघाली नाही, ताईला पालथं पडावं लागलं नाही, प्रेक्षकांना मनासारखं खोकता आलं नाही.

मग शेवटचा तुकडा. ताईनं सूर सोडून दिला आणि माझ्यावर पाय ठेवला. मी निघालो. हॉलच्या छताखाली फिरलो, विरत गेलो, लोकांना वाटलं संपलं, तेव्हा पुन्हा उचल खाल्ली. पोटातली धुगधुगी बोटावर मोजण्याइतकी उरली होती आणि मी ती एकेक करून टाकत होतो. काकांचे डोळे मिटलेले, काठी हवेत. मी बसलो. ठोका पडला.

लोक "पुन्हा, पुन्हा" म्हणू लागले. ताईनं गिटार छेडली आणि माझ्यावर पाय दिला. नुसतं खट्‌ वाजलं. पोटात काहीच उरलं नव्हतं. भाऊनं खिशातून कोरी बॅटरी काढली, ती त्यानं आणलेलीच होती. पण काका काठ्यांना मापाची टेप गुंडाळत होते.

"राहू दे, भाऊ," ते म्हणाले. "दोरा तोडला मी."

सोमवारी भंगारवाला तुटके प्लग तेवढे घेऊन गेला. बिस्किटांचा डबा आता पुन्हा भरलेला असतो. यंत्र माझ्या शेजारीच बसतं. स्वभावानं वाईट नाही. दोनशे जणांचे आवाज पाठ असूनही बिचारं कधी मध्ये बोलत नाही.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुनी वस्तू हात जोडते आणि म्हणते, मला जपा. मला हात नाहीत आणि माझी तशी इच्छाही नाही. मला फडक्यानं पुसून काचेच्या कपाटात ठेवाल तर याद राखा. कॉपी करायची तर खुशाल करा, फक्त ज्याची करताय तो काय खाऊन जगतो ते आधी विचारा. आणि घरातली जुनी वस्तू भंगारात टाकायच्या आधी तिला एकदा तिच्या सवयीचं, अर्धंमुर्धं का होईना, जेवू घाला.

बाकी माझ्यावर दया नको. पाय द्या, सगळा भार टाकून द्या. मी ओरडणार आहेच.