माळ्यावरची ठकठक

मित्रांनो, मला पाय आहेत, पायऱ्याही आहेत, पण स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. कुणी उचलून लावली, तरच मी उभी राहते.

पुस्तके बांधणाऱ्या एका माणसासाठी सुताराने मला घडवले. त्यांचे काम माळ्यावर चाले. रोजची चढउतार, हाताला कुसळ लागायला नको, म्हणून सुताराने माझ्या कडा मन लावून घासल्या. मालक बगलेत पुठ्ठे धरून चढत. चहाची तल्लफ आली की हातोडीच्या दांड्याने माळ्याच्या फळीवर ठकठक करत. खाली मालकीणबाई आधण ठेवत. मग मालक माझ्या मधल्या पायरीवर येऊन बसत, बाई खालून कप देत आणि दोघांच्या गप्पा रंगत. वर नेणे हे माझे काम खरे, पण माझा जीव रमे तो या मध्येच थांबण्यात.

पुढे मालक आजारी पडले आणि गेले. घरात त्यांचे नाव निघाले की सगळेच गप्प होत. मुलाने मला मागच्या बोळात आडवी टाकली. माझ्यावर फडकी वाळू लागली. ऊनपावसाने एक पायरी सैल झाली. पुन्हा कुणाचा तरी पाय लागावा म्हणून जीव तुटत असे.

वर्ष उलटले आणि माळ्यावर आवाज येऊ लागले. कधी खसखस, कधी धावपळ आणि मध्येच ठक्, ठक्. सून धास्तावली. मालकीणबाई मात्र एका शब्दाने बोलत नसत. एके सकाळी मुलाने पाहिले, तर आई दोन कपांत चहा गाळत होती. घरात तिच्याशिवाय चहा कुणीच पीत नव्हते. आईच्या मनावर परिणाम झाला, असे समजून त्याने डॉक्टरांची वेळ घेतली. आधी माळ्याचा छडा लावू, म्हणून मिस्त्रीलाही बोलावले.

मिस्त्रीने मला झटकून उभी केली आणि तो वर गेला. खसखस आणि धावपळ खारीची निघाली. कागदाच्या कातरणांचे घरटे करून ती पिल्ले वाढवत होती. ठकठक मात्र काही केल्या सापडेना. शेवटी मिस्त्रीने मुलाला स्वयंपाकघरातला नळ सोडून एकदम बंद करायला सांगितला. लगेच ठक्, ठक्. माळ्यावरून जाणारा टाकीचा पाइप धरून ठेवणारी पट्टी निखळली होती. नळ बंद होताच पाण्याच्या धक्क्याने पाइप तुळईवर आपटत होता.

मुलाने सुटकेचा श्वास सोडला. लहान मुलाची समजूत काढावी तसे त्याने आईला सगळे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि सरळ माझ्यावर पाय ठेवला. उंचीच्या भीतीने त्या इतक्या वर्षांत कधी चढल्या नव्हत्या. मी माझे सगळे सांधे घट्ट धरले. मुलगा मला धरून उभा राहिला. सुनेने पुन्हा नळ सोडून बंद केला. बाईंनी वर पोचून पाइपावर तळहात ठेवला आणि ते ठोके हाताने अनुभवले.

"मला ठाऊक होतं रे," त्या मुलाला म्हणाल्या. "नळ मीच बंद करते ना? पण चहा कुणीतरी मागावा, असं वाटायचं."

मुलाच्या हाताला सुटलेला घाम मला जाणवला.

मग बाईच मिस्त्रीला म्हणाल्या, "पट्टी आवळून टाका. पाइप फुटला तर घरभर पाणी होईल. खारीला मात्र राहू द्या."

डॉक्टरांचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या संध्याकाळी मुलाने माझी सैल पायरी ठोकून बसवली. मग आईजवळ बसून त्याने वडिलांविषयी विचारले. ते कसे हसत, कशावरून चिडत, तरुणपणी कसे दिसत. बाई सांगत राहिल्या. सूनही ऐकायला येऊन बसली.

माळा आता शांत आहे. बाईंसारखीच मलाही ती शांतता अजून टोचते. मित्रांनो, घरात आवाज आला तर घाबरू नका, कारण जरूर शोधा. माझ्यासारख्या जुन्या शिडीच्या पायऱ्याही तपासत जा. पण त्याच घरात कुणी त्या आवाजाकडे कान लावून बसले असेल, तर शिडी लावण्याआधी घटकाभर त्यांच्याजवळ बसा.