दुपट्यांचा वास

दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी आलो तेव्हा सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तुकडा त्याच्यावरून उतरवून टाकला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि लगेच हात पुढे केले.

"दे गो. सकालपासून वाट बघतंय मी."

त्यांच्या खांद्यावर दुपटं होतं. माझ्या नवऱ्याच्या, कुणालच्या तान्हेपणीचं, पिवळट, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याचा वास मला उंबऱ्याबाहेरच आला. मी बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"आधी आत जाऊ द्या, आई. ऊन लागतंय त्याला."

आभाळ भरलेलं होतं. ऊन कुठेच नव्हतं. सासूबाईंनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाजूला झाल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण मुरबाडला आता फक्त बाबा आणि भाऊ. आई मी बारावीत असतानाच गेली. माझं सातव्या महिन्यातलं तोंड बघून सासूबाईच म्हणाल्या होत्या, "दोन बाप्ये तुजी बालंतखोली करनार काय? हितंच ऱ्हा. मी हाय ना."

त्या होत्याच. काल्हेरच्या या तीन मजली घरात दुसरं होतं कोण? भातशेतीवर गोडाऊन उभी राहिली, भाडं येऊ लागलं, घर वाढत गेलं आणि माणसं तेवढीच राहिली. सकाळी सासरे गोडाऊनवर, कुणाल दापोड्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. मग दिवसभर रस्त्यावर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकांची पिपाणी आणि खाली हॉलमध्ये कुणी न बघणारा टीव्ही. मी तिसऱ्या मजल्यावर पडून ती पिपाणी ऐकायची आणि सासूबाईंच्या पायांचा आवाज जिन्यात कधी येतो याची वाट बघायची.

त्या येऊन पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर घ्यायच्या आणि खोबरेल चोळताना त्याच्याशी भांडायच्या. "काय रं, आज्जीवर मुतलास? तुज्या बापाची खोड हाय ही." त्याचं झालं की माझी पाठ. आईनंतर माझ्या पाठीवर इतका वेळ कुणी हात ठेवला नव्हता. पहिल्या दिवशी मी रडले, तर त्यांना वाटलं जोर जास्त झाला.

बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं लावायचं नाही, वापरलेलंच घालायचं, ही इथली रीत. मी मोबाईलवरून मागवलेली झबली पाकिटातच राहिली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. झाकण उघडल्याबरोबर पांढऱ्या डांबरगोळ्या साखरफुटाण्यांसारख्या फरशीवर घरंगळल्या. आत कुणालची झबली, टोपडी, दुपटी. एकालाही कसर लागलेली नव्हती. "दर दिवालीला नव्या गोल्या टाकतंय," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. तेलानं माखलेलं बाळ त्यांनी त्याच दुपट्यात गुंडाळलं. मलाही तो वास आवडला होता. जपून ठेवलेल्या वस्तूंना तसाच वास येतो ना.

पाचवी पुजली आणि बाळ पिवळं पडलं. दूध ओढेना. लंगोटावरचा डाग कोऱ्या चहासारखा. ठाण्याला नेलं, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त चढवलं. काचेबाहेर उभी असताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी डांबरगोळ्या वापरता?"

मी पिशवीतून दुपटं काढून दिलं. त्यांनी नाकाशी नेलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली.

बाळाच्या रक्तात काहीतरी एक कमी आहे म्हणाल्या. अशा बाळाला हा वासही चालत नाही, आणि अंगाला तेल असलं की तो कातडीतून आणखी आत जातो. रक्तच फुटायला लागतं. "एकदा धुऊन तो जात नाही. पेटीतलं काही त्याच्या अंगाला लावू नका. घरात एकही गोळी नको, बेसिनमध्येसुद्धा नको. पुन्हा झालं तर दरवेळी वेळेत पोचाल असं नाही."

बाळाला घेऊन घरी येताना गाडीत मी कुणालला म्हटलं, "आईंना तू सांग."

"मी? वेडी आहेस का? ती पेटी म्हणजे तिचा जीव आहे. तूच सांग, बायकाबायकांत बरं पडतं."

म्हणून मीच सांगितलं. भाकरतुकडा उतरवून झाल्यावर, आत आल्याआल्या, पाणीही न पिता. कितीदा मनात घोळवलं होतं, तरी वाकडंच आलं तोंडातून.

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "म्हंजी? मीच पोराला आजारी पाडला?"

"तसं नाही, आई. कुणाला माहीत होतं?"

"कुनाल याच दुपट्यात वाढला. त्याला काय झाला न्हाय तो."

"त्याचं रक्त वेगळं. हे मुलाला त्याच्या आईकडून येतं, डॉक्टर म्हणाल्या. माझ्याकडून आलंय."

मला कुणाकडून, हे सांगायला माझी आई नाही. तिचं म्हणावं असं माझ्याजवळ काही नव्हतं, ना साडी, ना भांडं. असेल तर हे एवढंच, आणि तेही नकळत पुढे दिलं मी.

सासूबाईंनी खांद्यावरचं दुपटं काढून त्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मग उठून गेल्या. संध्याकाळी पेटी माळ्यावरून गेली होती. बेसिनमधली गोळी गेली होती, कपाटातल्या गेल्या होत्या.

पण सासूबाईही वर आल्या नाहीत. जेवणाचं ताट यायचं, ते कामवाली मनिषा आणायची. दारात पावलं थांबायची. "झोपला काय?" असं बाहेरूनच विचारायच्या आणि मी हो-नाही म्हणायच्या आत जिना उतरायच्या. बाळाचं अंग मीच पुसायची, भीत भीत. माझी पाठ भरून यायची. नव्या झबल्यात बाळ गुलाबी दिसायला लागलं होतं आणि ते बघायला घरात कुणी नव्हतं. चुकलं का माझं सांगायला? पुन्हा सांगायची वेळ आली तर पुन्हा सांगेन, हे ठाऊक होतं. पण कुणी रागवावं तरी समोर बसून.

एका दुपारी मनिषा ताट ठेवताना सासूबाईंबद्दल म्हणाली, "हौसाबाय जेवायलापन खाली येत न्हाय. गच्चीवर बसतेय."

मी बाळाला घेऊन वर गेले. गच्चीभर दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर सासूबाईंची सगळी लुगडी, लग्नातलं हिरवं धरून. काहींचा रंग उतरून खाली पाण्यात लाल ओघळ गेले होते. टाकीच्या सावलीत त्या बसल्या होत्या, माझा गाऊन घालून. छातीवर मांजराचं चित्र असलेला.

"हसू नको," त्या म्हणाल्या. "मनिषानं दिला. माज्याकडं घालायला काय ऱ्हायलाच न्हाय."

"आई, हे काय?"

"काय म्हंजी? सगल्या लुगड्यांत गोल्याच होत्या ना. तीनतीनदा धुतला, तरी वास जात न्हाय. तसाच पोराला घेऊ?"

मी पुढे जाऊन बाळ त्यांच्याकडे धरलं. त्यांचे हात वर आले आणि मध्येच थांबले.

"आदी हुंग मना."

मी वाकले. गाऊनला माझ्या साबणाचा वास होता. पण आत पोलकं त्यांचंच होतं. गळ्याशी नाक नेलं आणि तो आला, बारीक, थंड. खोटं बोलणं किती सोपं होतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

"पोलक्याला येतोय, आई."

"येतोय ना? वाटलाच मना." त्या उठल्या, दोऱ्या ओलांडून गच्चीच्या पार पलीकडच्या कठड्याशी जाऊन बसल्या. वारा त्यांच्याकडून येत नाही ना, हे त्यांनी हात वर करून पाहिलं.

"त्याचा तोंड हिकडं कर," तिथून ओरडल्या.

मी केलं.

"काय रं ए, मांजराला भितोस काय? आज्जी हाय ती!"