नऊ पायऱ्यांचा कठडा

रेवदंड्याच्या तुकाराम तांडेलाने छप्पन साली घरावर माडी चढवली. माडीवर जायला नऊ पायऱ्यांचा लाकडी जिनाही त्याने स्वतःच केला. होड्यांची डागडुजी करण्यात उमर गेलेली, सुतार कशाला बोलावायचा? मुलगा हरेश्वर म्हणाला होता, बाजूला कठडा लावू. तुकारामने ते उडवून लावलं. "कोळ्याच्या घरात कठडा? होडीवर काय धरून चालतो आपण?"

पुढल्या फाल्गुनात हरेश्वरची बायको केसर माडीवरून सुक्या बोंबलांची टोपली घेऊन उतरत होती. सातवा महिना होता. सहाव्या पायरीवर पाय सुटला आणि हात टाकायला बाजूला काहीच नव्हतं. केसर वाचली. पोर गेलं. मुलगी होती.

घरात कुणी तुकारामला शब्दाने दुखवलं नाही. हरेश्वर पुन्हा समुद्रावर जाऊ लागला. केसर सासऱ्याला वेळेवर जेवायला वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. माडीवर तर ती गेलीच नाही.

दोन महिन्यांनी तुकाराम अलिबागच्या वखारीतून बैलगाडीत सागाच्या पट्ट्या घालून आला. अंगणात बसून त्याने कठड्याचा एकेक उभा गज रंध्याने तासला, कोपरे घासून गुळगुळीत केले. मग जिन्यापाशी उभं राहून हाक मारली.

"केसर, जरा ये. हाताला किती उंच पायजे तेवढं दाखव."

ती आली. पहिल्या पायरीवर चढून तिने कमरेच्या वर हात धरला. तुकारामने तिथे खडूची खूण केली. ती चुलीकडे परतली.

दुसऱ्या दिवशी पायऱ्यांना खाचा पाडून, ओळंबा लावून त्याने गज उभे केले. पायरीला एक, असे नऊ. वरून धरायची लांब पट्टी तेवढी ठोकायची राहिली होती. पाण्याचा हंडा घेऊन आलेली केसर ते बघून थांबली. हंडा खाली ठेवून तिने दोन गजांमधून हात घातला, मग खांदा. खांदा आरपार गेला.

"मामा, ह्यातून पोर पडंल."

तुकारामने दोन गजांमधलं अंतर वितीने मोजलं.

"व्हय," तो म्हणाला. "पडंल."

तो परत अलिबागला गेला. आणखी नऊ गज तयार झाले. ते बसवताना केसर आपणहून आली आणि गज सरळ धरून उभी राहिली. खालून एकेक पायरी करत दोघं सहाव्या पायरीशी आली. तुकारामने हातोडा खाली ठेवला.

"हरेश्वरचं तवाच ऐकाया पायजे व्हतं. माझ्यामुळं गेली ती."

आतापर्यंत ज्याने त्याने तिला नशिबाच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"व्हय, मामा," ती म्हणाली. "तुमच्यामुळंच."

तुकारामने मान खाली घातली. धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"ठोका आता," केसर म्हणाली. "माझा हात भरून आला."

त्याने गज ठोकला. उरलेल्या तीन पायऱ्यांचे गज लागले, वरची पट्टी बसली. तुकारामने त्या पट्टीवर सगळा भार टाकून पाहिला. पट्टी हलली नाही.

केसरने केरसुणी घेतली, पट्टी धरून ती हळूहळू वर गेली आणि माडीची खिडकी उघडून केर काढायला लागली.