काचेच्या कपाटातला भोपळा

साहेब, आमच्या मंगलवैनींचा भोपळा तुम्ही कोंडून ठेवला आहे. काचेच्या कपाटात, कुलूप लावून. चोरला असं मी म्हणत नाही, दिला म्हणून घेतलात. पण मागायला आलो तर दिला नाहीत, त्याला काय म्हणायचं?

पेपरात हे वाचणाऱ्यांना कळावं म्हणून पहिल्यापासून सांगतो. मी बाळासो, साताऱ्यात रिक्षा चालवतो. शेजारी राजाराम मेजर राहतात. रिटायर झाले हवालदार म्हणून, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच. मंगलवैनी त्यांची बायको. माहेर जतकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. गच्चीवर त्यांनी बाग केली आहे. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, त्यात भावानं पाठवलेलं लेंडीखत आणि वर वाळल्या पाल्याचा जाड थर. माती कुठं उघडी दिसायची नाही. "उघड्या मातीला ऊन लागतं, भावजी. आपल्याला लागतं तसंच," म्हणतात. दिसायला बाग म्हणजे भंगाराचं दुकान. पण वांगी अशी, की मी मंडईचा रस्ता विसरलो. माझी बायको म्हणते, तुमी शेजाऱ्याकडनं भाडं घेत न्हाई, वांगीच घेता.

त्या बागेत दुध्या भोपळ्याचा एकच वेल. वैनींच्या आईच्या घरचं बी. आई गेली, आणि माहेरचे लोक आता दुकानातलं पाकीट आणून लावतात. म्हणून वैनींनी एक भोपळा बियाला राखला होता. देठाला चिंधी बांधून. चिंधी बांधली म्हणजे कोणी हात लावायचा नाही. पिवळा पडला, वाळून दगडासारखा झाला, तरी तसाच लोंबत होता. ते बी आता तेवढ्याच भोपळ्यात उरलेलं.

मग तुमच्या सांगलीच्या शेती ऑफिसानं साताऱ्यातही सेंद्रिय परसबागेची स्पर्धा काढली. वैनींनी नाव दिलं. आणि नेमक्या तेव्हाच त्या लेकीकडं, अक्षताकडं, सांगलीला नातवाच्या जावळाला गेल्या. जाताना मेजरांना बजावलं, "साहेब बाग बघायला येणार हायत. पाणी तेवढं घाला. बाकी कशाला हात लावू नका."

मेजरांच्या कानात 'साहेब येणार' एवढंच शिरलं.

फौजेत साहेब येणार म्हणजे काय करतात, ते साताऱ्याला शिकवायला नको. जे हलत नाही त्याला चुना लावायचा. मेजरांनी सगळा पाला पोत्यात भरून घंटागाडीला दिला. गच्ची धुतली. डब्यांना खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. मिरचीची रोपं उंचीप्रमाणं रांगेत लावली. एक बुटकं होतं, त्याला टाकीमागं लपवलं.

मी म्हणालो, "मेजर, वैनी काय म्हणतील?"

"आरं गड्या, तिला शिस्त ठावं न्हाई. बघ आता पलटण कशी हुबी हाय."

"मातीला ऊन लागंल की."

"मग मातीला छत्री धरू व्हय रं?"

वाळका भोपळा काही त्या पलटणीत बसेना. मेजरांनी तो तोडला, चिंधी फेकली आणि फडक्यानं पुसून चकचकीत केला.

मग तुम्ही आलात. बुटांना चुना लागू नये म्हणून जपून चाललात. एकाही डब्यात बोट घातलं नाही. खत कुठलं, गांडूळ आहे का, विचारलं नाही. "वा, काय टापटीप," म्हणालात. मेजरांनी सलाम ठोकला आणि पहिला नंबर आमच्या गल्लीत आला. पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून भोपळा तुमच्या गाडीत गेला.

वैनी आल्या तेव्हा मेजर प्रशस्तिपत्र छातीशी धरून दारात उभे. वैनी थेट वर गेल्या. माती भेगाळलेली, वांग्यांनी माना टाकलेल्या. वेलावर नुसता देठ.

"भोपळा कुठाय?"

"साहेबांस्नी दिला. लय खूश झाले."

"बी काढून ठिवलं?"

मेजरांनी प्रशस्तिपत्र पुढं केलं.

"आवं, तुमी लढाईत बी असंच करत हुता का? आपलीच माणसं नेऊन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची?"

दुसऱ्या दिवसापासून मेजर पोतं घेऊन कॉलनीतल्या झाडांखाली पाला वेचताना दिसायला लागले. कोणी विचारलं, "मेजर, कसली ड्यूटी?" तर सरळ सांगायचे, "शिक्षा हाय."

वांगी सावरली. भोपळ्याचं काय? म्हणून आम्ही तिघं एसटीनं सांगलीला तुमच्या ऑफिसात आलो. दारातच काचेचं कपाट. त्यात आमचा भोपळा, व्हार्निश लावलेला, खाली पाटी, 'सेंद्रिय, प्रथम क्रमांक.' तुमचा शिपाई कपिल भला माणूस. म्हणाला, "काकू, व्हार्निश लावताना आत खुळखुळत हुतं बगा."

वैनींनी काचेवर हात ठेवला. घरी आल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या.

पण तुमचे क्लार्क म्हणाले, भोपळा डेड स्टॉकला, म्हणजे ऑफिसच्या सामानाच्या रजिस्टरला, चढला आहे, साहेबांच्या हुकुमाशिवाय बाहेर निघत नाही.

"जित्तं हाय की ते," वैनी म्हणाल्या. क्लार्कनं मान वर केली नाही. तेवढ्यात तुम्ही केबिनमधून निघालात, सगळं ऐकलंत, "बघू नंतर" म्हणालात आणि गाडीत बसलात.

साहेब, जूनला बी मातीत गेलं पाहिजे. जुनं होईल तसं ते उगवायचं कमी होतं, तुम्ही नंतर बघाल तोवर कपाटातच मरेल. वैनी म्हणतात, कवच तुमचंच राहू द्या. बुडाला छोटं भोक पाडू, बी काढून घेऊ आणि पाटीसकट होता तसा ठेवू. समोरून कोणाला कळणारही नाही. प्रशस्तिपत्र परत पाहिजे असेल तर तेही घ्या. मेजरांची हरकत आहे, पण त्यांना विचारतंय कोण?

सोमवारी ऑफिस उघडायच्या आत आम्ही करवतीचं पातं घेऊन दारात असू. कपाटाची किल्ली तुमच्या खिशात आहे. उघडणार का नाही? 'बघू' सोडून काय ते सांगा.