हाताने आवळायचा फिल्टर

जुनं तेल काढून झालं होतं, पण ऑइल फिल्टर काही तसूभरही हलेना. लालबागच्या चाळीखाली दौलत तासभर टॅक्सीच्या पोटाखाली उताणा पडला होता. टॅक्सी दोघा भावांची. दिवसा दौलत चालवायचा, रात्री धाकटा हितेंद्र.

"फिल्टर हाताने आवळतात, एवढी अक्कल नाही गाढवाला! पाना लावून बसवलाय!" तो खालूनच ओरडला.

"दादा, मी हातपण नाही लावला," गॅलरीतून हितेंद्र म्हणाला.

"खोटारडा! आई असती तर हेच बोलला असतास?"

सगळी चाळ ऐकत होती. हितेंद्र आत गेला.

शेवटी दौलतने फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकला आणि पिळून पिळून तो काढला. काळं तेल कोपरापर्यंत ओघळलं. फडक्याने पुसल्यावर फिल्टरवर मार्करने लिहिलेली, तो बसवल्याची तारीख दिसली. अक्षर त्याचं स्वतःचंच. त्या दिवशी खोलीच्या वाटणीवरून हितेंद्रशी भांडून तो खाली आला होता, आणि सगळा राग पान्यावर काढला होता.

त्याने वर पाहिलं. गॅलरीत कुणी नव्हतं. स्क्रूड्रायव्हरने तारीख खरवडून काढली, जिना चढला आणि फिल्टर हितेंद्रच्या उंबऱ्यावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.